पाण्याखालचा रोवणा

आज जुलै महिन्याची सव्वीस तारीख. बसा बाई, त्या पाटावर बसा, चटई ओली आहे. मी काम थांबवत नाई, हात चालू राहीन आन तोंडही चालू राहीन, तुम्हाले लिहायले जमते तसं लिहा. हे टोपल्यात दिसून राह्यलं ते कचरा नोका समजू. पाण्याखालची घास आहे ही. सकाळीच वावरातल्या बोडीतून काढून आणली. आता चार-चार काड्यांच्या जुड्या बांधून राह्यली, मुळाशी चिकणमातीचा गोळा, त्यावरून जुन्या जाळ्याचा धागा, म्हणजे पाण्यात सोडली का खाली बसते, तरंगत नाई. या उद्या सकाळी तलावात लावाच्या आहेत. आन उद्या सकाळीच माशाच्या बीजाची गाडी येणार आहे. घोर त्याचाच आहे, पण तुम्ही म्हणता सुरुवातीपासून सांगा, तर सुरुवातीपासून सांगते.

माहं नाव पंचफुला. आम्ही ढिवर. माहेर वैनगंगेच्या काठचं, बाप डोंगा चालवे, जाळं टाके, आम्ही चार बहिणी बाजारात मासे घेऊन बसू. सातवीपर्यंत शिकली. वाचता येते, सही येते, कोणी कागद समोर ठेवला का आधी खालचं वाचते, मंग वरचं. लगन होऊन इकडे सावली तालुक्यात आली. इथी नदी नाई, तलाव आहे, मालगुजाराच्या जमान्यातला, आन पाणी अडवणाऱ्या पाळीच्या खाली जिकडंतिकडं सप्पा धानाच्या बांध्या. आल्यावर आठ दिवसांनी सासूनं हातात हातजाळं दिलं आन म्हणे, जा शेवंतासंग, ती दाखवते. शेवंता म्हणजे बाजूच्या घरची सून, माह्याच वयाची, माह्या आधी वर्षभर आलेली, म्हणून माह्यावर हुकूम चालवे.

मले नदीची सवय. नदीत पाय टाकला का खाली रेती सरकते. इथी पाय टाकला आन मी किंचाळली, काऊन का पायाले काहीतरी गुंडाळलं. शेवंता पोट धरून हासे. म्हणे, अवं घास आहे ते, साप नोहे, नदीवाली मोठी आली घाबरट. मंग खाली पाह्यलं तर काय सांगू तुम्हाले, कमरेएवढ्या पाण्यात मले माह्या पायाची नखं दिसली. लगनात लावलेला रंग होता त्यावर, तोही दिसला. आन पायाच्या चारी बाजूनं घास, एक फितीसारखी लांब, एक कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार, एक बारीक पानाची, तुटली का हातात कुरकुर वाजे. वंदनाच्या बापाले सगळ्या घासीची वेगवेगळी नावं माहीत होती. वंदना माही पोरगी, एकुलती एक. तिचा बाप म्हणजे माहा नवरा, नाव घेत नाई मी, आता नाई राह्यला तरी घेत नाई. तो नावं सांगे, मी ध्यान दिलं नाई. मी सगळ्याले घासच म्हणू. आता विचाराचं म्हटलं तर कोणाले विचाराचं?

त्या घासीत मासा राहे. बोटरी, दाडक, झिंगे, आन कडेच्या घासीत मरळ आपली पिल्लं घेऊन बसे. आम्ही दोघी हातजाळं घेऊन जाऊ, एकीनं घास हलवाची, दुसरीनं जाळं धराचं. दोघींचं काम आहे ते, एकटीचं नोहे. दुपारपर्यंत टोपलं भरे. शेवंताची बडबड चालूच राहे, सासूच्या नकला करे, मी म्हणू चूप राय, मासे पळतील, ती म्हणे मासेही तिलेच भेतात. अशी वीस-बावीस वर्षं गेली. त्या वेळी वाटे का हे काम आहे. ते काम नोहतं, तोच संसार होता.

आता घास कशी गेली ते सांगते. दुसऱ्याचं नाव घेत नाई, आधी माहं घेते.

वंदना दहावीत होती त्या साली. आमची मच्छीमारांची सोसायटी आहे, तिच्यात बाईची जागा निघाली आन मी संचालक झाली. लिहिता-वाचता येते, तोंड चालते, म्हणून मलेच केलं. माणसं महाजाळ ओढत, म्हणजे दहा-बारा जणांनी मिळून ओढाचं मोठं जाळं, आन त्या जाळ्यात मासा एक पायली तर घास दहा पायल्या. अर्धा दिवस घास सोडवण्यातच जाय, जाळं फाटे, फाटलेलं घरी येऊन मी सांधू. मले चीड येत होती. मी कामाची बाई आहे, ज्याचा उपयोग दिसत नाई ते मले घरातही चालत नाई. त्याच दिवसात एक साहेब आले, त्याहीनं सांगतलं का घास खाणारा मासा असते, ग्रासकार्प म्हणतात, तलावात सोडा, घास खाऊन तोच मोठा होईन, दोन्ही कामं होतील. मले पटलं. कोणाले नाई पटणार सांगा?

आमसभा झाली शाळेच्या व्हरांड्यात. मी उभी राह्यली आन म्हटलं, आधी सगळ्यांनी मिळून घास उपटू, उरलेली तो मासा खाईन. सगळे हो म्हणून राह्यले. तेवढ्यात मांगून वंदनाचा बाप उठला. हा माणूस सभेत कधी बोलला नाई, घरातही मोजूनच बोले. म्हणे, घास गेली तर मासा अंडी कुठी घालन? आन पाणी कोण निवळन? मी तिथल्या तिथीच म्हणली, पाणी का घासीनं निवळते? तुरटी आहे का ती? लोक हासले. हासले म्हणून मी आणखी चढली. म्हणली, तुम्ही पाण्यात जाळं टाका, डोकं नोका टाकू. मंग तर व्हरांडा दणाणला. शेवंता सगळ्यात जोरात हासली. तो खाली बसला, धोतराचा काठ सारखा करत राह्यला. ठरावावर पहिली सही माही आहे. घरी आलो, मी वाढलं, तो जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

आठ दिवस सगळं गाव तलावात होतं. पुढं मी. विळे घेऊन, हातानं, दात्यानं, जसं जमन तसं मुळासकट उपटलं. पाळीवर ढीग लागले, पुरुषभर उंचीचे. जत्रेसारखं वाटे. ढीग सडले, वास सुटला, लोक म्हणे जाऊ द्या, चार दिवसांचा वास आहे. मंग पावसाळ्यात तो मासा आणून सोडला.

खोटं सांगत नाई, दोन वर्षं चांगली गेली. जाळं साफ येत होतं. एकेक मासा एवढा का दोन हातानं उचलाचा. लोक मले म्हणत, पंचफुलाबाईचं डोकं चालते. मीही मान डोलवत होती. तिसऱ्या वर्षी पाणी चहासारखं झालं. मी म्हटलं पाऊस जास्त झाला असन. चौथ्या वर्षी हिरवं झालं, वरून साय धरल्यासारखं. बोटरी दिसेना, झिंगे गेले. पाणकोंबड्या दर साली येत, त्या पाळीवरून एक चक्कर मारत आन निघून जात, उतरत नाई. मरळीची पिल्लं तर नाईच. आम्ही दोघी हातजाळं घेऊन जाऊ आन टोपल्यात चिखल घेऊन येऊ.

तुम्ही मघा विचारलं, घास पुन्हा काऊन नाई उगवली? बाई, एका कारणानं गेली असती तर एका उपायानं परत आली असती. आम्ही उपटली, ते एक. उरलेली त्या माशानं खाल्ली, ते दुसरं, आन खाऊन खाऊन कोंब वर येऊ दिला नाई. घास होती तोवर तळाची माती तिच्या मुळांनी धरून ठेवली होती, घास गेली आन माती मोकळी झाली, वारा आला का पाणी गढूळ. गढूळ पाण्यात ऊन खाली जात नाई. तेवढ्यात गाळ काढाची मशीन आली. एका उन्हाळ्यात तळ खरवडला आन ट्रॅक्टर भरभरून माती लोकांच्या वावरात नेली. धान चांगलं झालं, नाई म्हणत नाई. पण त्या मातीत घासीचं बी होतं, मुळं होती, ती वावरात जाऊन मेली. मंग वरच्या बांध्यातलं खताचं आन तणनाशकाचं पाणी पावसासंग तलावात उतरते, ते एक आहेच. आन कडेले बेशरमीची झाडी माजली, तिले कोणी लावत नाई, कोणी काढत नाई. अशी एकावर एक ओझी पडली. पण पहिलं ओझं मी ठेवलं. बाकीची नंतर आली.

मासा कमी झाला तशी माणसं पांगली. बायका आता जानेवारी लागली का मिरची तोडायले तेलंगणात जातात, दोन-दोन महिने गल्लीत कुलपं. शेवंताचा पोरगा गडचांदूरले सिमेंटच्या कामावर लागला, तो मायले घेऊन गेला. जाताना ती म्हणे, तू पण चल, तिथी पाय धुवायले नळ आहे. गेली. पहिल्या वर्षी फोन करे, आता सणावाराले करते. एकटीनं हातजाळं चालवून पाह्यलं मी. एका हातानं घास हलवाची तर घास नाई, आन घास नाई तर हातजाळ्याचा उपयोग काय? ते आड्याले टांगलं, तिथीच आहे, पाहा वर.

वंदनाचा बाप सहा वर्षांखाली गेला, पोटाच्या दुखण्यानं. चंद्रपूरले नेलं होतं, दवाखान्यातल्या लोकांनी केलं ते केलं, त्याहीचा दोष नाई. शेवटचे पंधरा दिवस मी पलंगाजवळ बसून होती. मले रोज वाटे का हा आता म्हणन, पाह्य, मी सांगत होतो ना. तोही म्हणला नाई आन मीही काढलं नाई. तो म्हणे पाणी दे, मी देऊ. म्हणे पाय चेप, मी चेपू. बोलायले वेळ खूप होता. वेळ नोहता असं मी सांगणार नाई. जीभ उचलली नाई, एवढंच आहे ते.

वंदना वडस्याले दिली आहे, जावई चांगला आहे, धान गिरणीत कामाले. ती म्हणे इथी ये, एकटी काय करतं तिथी. गेली होती पंधरा दिवस. हिवाळा होता, रोज कुठीना कुठी नाटक, सगळे स्वेटर घालून निघत, मलेही नेत. हजार माणसात बसू आन मनात विचार, घराचं कवाड वाऱ्यानं उघडलं नसन ना. सोळाव्या दिवशी परत आली. घरी येऊन चूल पेटवली, एका माणसाचा भात टाकला. एका माणसाच्या भाताले पाणी किती घालाचं हे शिकायले मले वर्ष लागलं. आधी चिखलच होत होता.

आता बोडीचं. आमच्या वाट्याले एक तुकडा वावर आहे, त्याच्या वरच्या अंगाले बोडी, म्हणजे लहानसं तळं, धानाले पाणी द्यायले खोदलेलं. ते वावर तोच पाहे, मी तलावाची, तो वावराचा. त्याच्यामांगं पहिल्या पावसाळ्यात मी धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकायले गेली तर बोडीत एका कोपऱ्यात चार खुंट्या दिसल्या, त्याले जुनं जाळं गुंडाळलेलं, पाण्याखाली गेलेलं, शेवाळलेलं. म्हटलं कोणाचं आहे? जवळ जाऊन पाह्यलं. जाळ्याच्या आत घास होती. फितीसारखी, शेपटीसारखी, कुरकुर वाजणारी, सप्पा. जाळ्याची गाठ हातात घेऊन पाह्यली. दोन वेढे आन तिसरा उलटा, अशी गाठ गावात दुसरं कोणी मारत नाई. तीस वर्षं त्याचं जाळं सांधलं मी, गाठ ओळखणार नाई का?

म्हणजे आम्ही सगळे तलावात उपटून राह्यलो होतो, मी पुढं होऊन ओरडून राह्यली होती, तेव्हा हा माणूस घमेल्यात घास भरून गुपचूप दीड मैल चालत बोडीवर नेत होता. आठ वर्षं जपली. मले सांगतलं नाई. सांगतलं असतं तर मी हासली असती, हे त्याले माहीत होतं. मी तिथी धुऱ्यावर बसली थोडा वेळ. मंग उठली आन खुरपं आणायले घरी गेली.

लावाची कशी हे मले कोणी शिकवलं नाई. मले धानाची रोपं लावाचा रोवणा येते, म्हटलं हा पाण्याखालचा रोवणा. तलावाच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, गुडघाभर पाण्यात, धानासारख्या ओळी धरल्या, वीतभर अंतरावर एकेक जुडी. कंबर वाकवून, मागं मागं सरकत, अगदी धानासारखं. आन धानासारखं म्हणून पंधरा दिवसांनी मी काय केलं माहीत आहे? युरिया टाकला. पसाभर युरिया फेकला वरून, म्हटलं जोर येईन. हासा, हासा बाई. चार दिवसांत वर हिरवा थर आला, घासीच्या पानांवर बुळबुळ चढली, पंधरवड्यात सगळी काळी पडून सडली. तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला का हिले खत नाई, ऊन पाहिजे. पाण्यातून खाली जाणारं ऊन. गढूळ असो, हिरवं असो, ऊन अडलं का ही गेली. वंदनाचा बाप त्या दिवशी हेच म्हणत होता, पाणी कोण निवळन. मी तुरटी काढली मधात.

दुसऱ्या साली खत नाई टाकलं, तर जुने मासे येऊन दोन दिवसांत सगळी चरून गेले, बकऱ्या शिरल्यासारखे. मंग कुंपण केलं, त्याच्या बोडीतलं पाहून, खुंट्या आन जुनं जाळं. बारीक बारीक चुका आणखी झाल्या, म्हशी शिरल्या, जाळं फाटलं, ते सोडा. तो मासा आपल्या तलावात पिल्लं करत नाई, सोडला तेवढाच राहते, हे मले नंतर समजलं. सोसायटीनं मधात काही वर्षं सोडला नाई, जुने होते ते जाळ्यात निघून गेले. तेव्हा कुठी गेल्या साली घासीनं मूळ धरलं. यंदा उन्हाळ्यात पाणी आटलं तरी चिखलात जिवंत राह्यली, आन पाऊस पडताच कुंपणाबाहेर पसरली. परवा त्या कोपऱ्यात झिंगे दिसले मले. दोन. हातजाळ्याची याद आली, पण धरले नाई.

आन इथीच घोटाळा झाला. कुंपणाबाहेर पसरली म्हणजे महाजाळात अडकली. मारोती भाऊजी सोसायटीचे अध्यक्ष आहेत, वंदनाच्या बापाचे चुलतभाऊ, नात्यानं माहे दीर. चार दिवसांआधी दारात आले, हातात घासीचा गुंता, ओटीवर टाकला आन म्हणे, वहिनी, हे तुमचं पीक घ्या. म्हटलं, ठेवा. म्हणे, पोरं कदरली, जाळं सोडवता सोडवता सकाळची दुपार होते, या खेपेले बीजासंग ग्रासकार्पच्या दोन पिशव्या सांगतल्या आहेत, आन तुमचं ते कुंपणही काढाचं आहे, जाळं फाटते त्यानं. मी म्हटलं, भाऊजी, त्या दोन पिशव्या रद्द करा. म्हणे, काऊन? म्हटलं, त्या आल्या का दोन सालात पुन्हा चहासारखं पाणी. ते हासले. म्हणे, वहिनी, ठराव काढून दाखवू का? पहिली सही कोणाची आहे? त्या दिवशी भर सभेत तुम्ही दादाले गप्प केलं, लोक अजून ते डोकं नोका टाकूवालं बोलतात. आता तुम्हीच म्हणता उलटं. मी पोरांना काय सांगू, वहिनीचं मन फिरलं म्हणून? तुम्ही सांगा सगळ्यांसमोर का ते चुकलं होतं, मंग पाहू.

तर बाई, गाडी तिथी अडली आहे. मी चुकली. दोनच शब्द आहेत. मले बाजारात भांडता येते, कोणाले तोंडावर खोटं म्हणता येते, पण हे दोन शब्द मी जन्मात बोलली नाई. ज्याले बोलाचे होते त्याले बोलली नाई, आता माशाच्या गाडीसमोर दहा पोरांना बोलू? नाई बोलली तर ही सगळी घास पुढच्या पावसाळ्यापर्यंत माशाच्या पोटात. बोडीतली तेवढी राहीन, आन मीही काही शंभर वर्षं बोडी राखणार नाई. तुम्ही विचारता, बोलणार का? मले नाई माहीत. अंधार पडायच्या आत जा तुम्ही, रस्त्यानं चिखल आहे. मले अजून पन्नास जुड्या बांधाच्या आहेत.

आल्या? या. चहा ठेवला आहे. कालचं पुढचं सांगते, काऊन का तुम्ही त्याचसाठी आल्या.

सकाळी सातले गाडी आली. मी टोपलं घेऊन आधीच पाळीवर होती. भाऊजी होते, दहा-बारा माणसं होती, अर्धी रोवण्याले जायच्या घाईत. माशाच्या बीजाच्या पिशव्या असतात ना, फुगवलेल्या, त्या आणून लगेच उलट्या करत नाई, आधी तशाच बांधलेल्या पाण्यावर तरंगू द्यावं लागते, आतलं पाणी आन बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. नाई तर पिल्लू मरते. तेवढा वेळ सगळे रिकामे, बिड्या काढून बसले. दोन पिशव्यांवर निशाणी होती, त्या ग्रासकार्पच्या. मी पाह्यलं, आता नाई तर नाई.

टोपलं खाली ठेवलं आन म्हटलं, थांबा, मले बोलाचं आहे. एक पोरगा म्हणे, काकू, सकाळी सकाळी? म्हटलं, हो, सकाळी सकाळी. म्हटलं, घास उपटा म्हणून मीच सांगतलं होतं. वंदनाच्या बापानं तेव्हा विचारलं होतं, मासा अंडी कुठी घालन, पाणी कोण निवळन. तो खरा बोलत होता. मी चुकली. तुम्ही हासले ते माह्या तोंडाकडे पाहून हासले, ते पाप तुमचं नाई. ही घास त्यानं बोडीत जपून ठेवली होती म्हणून आज आहे, नाई तर बीही नोहतं. आता या दोन पिशव्या सोडू नोका. जाळ्यात घास आली तर माह्या ओटीवर आणून टाका, मी सोडवून देईन, रोज देईन. एवढंच.

मले वाटलं होतं आवाज हालन. हालला नाई. पण नंतर हात कुठी ठेवाचे ते समजेना, म्हणून पदराले पुसत राह्यली. एकजण खोकलला. भाऊजी पाण्याकडे पाहून राह्यले होते, म्हणे, दादानं बोडीत ठेवली होती? म्हटलं, हो. म्हणे, आम्हाले नाई सांगतलं. म्हटलं, मले तरी कुठी सांगतलं.

मंग ते अध्यक्षासारखे झाले. म्हणे, ते ठीक आहे, पण या दोन पिशव्यांचं काय कराचं? गाडी परत नेणार नाई, दुपारपर्यंत पिल्लू मरन. आता पाहा बाई, पिल्लू जमिनीवर ओतणं आम्हा ढिवराच्या हातानं होत नाई, कोणाच्याच होत नाई. एक म्हणे, काकूच्या बोडीत टाका. मी म्हटलं, तुह्या घरात वाघ सोडू का? तेव्हा थोडे हासले लोक. मी म्हटलं, रस्त्याच्या खालच्या अंगाले मुरमाचा खड्डा आहे, भरला आहे, त्यात बेशरमीशिवाय काही नाई, आन त्याचं पाणी तलावात चढत नाई. तिथी सोडते. उन्हाळ्यात आटन तेव्हा धरू आन खाऊ. भाऊजी म्हणे, मंग तुम्हीच न्या, आम्हाले रोवण्याले जाचं आहे. म्हटलं, नेते.

डोक्यावर एक पिशवी, असे दोन फेरे मारले. कोणी हात लावला नाई, मीही म्हटलं नाई. पिशवीत पिल्लं टपटप आपटत होती, कानाशीच. खड्ड्यावर पिशवी थोडा वेळ पाण्यावर ठेवली, नियम तो नियम, मंग तोंड उघडलं. त्याहीचा काय दोष, घास खाणं त्याहीचं काम आहे.

परत आली तर पाळीवर कोणी नोहतं. बाकीचं बीज सोडून सगळे रोवण्याले गेले होते. कुंपण जागेवर होतं. एका खुंटीचं जाळं कालपासून सुटलं होतं, ते कोणीतरी बांधून ठेवलं होतं. गाठ साधी, ढिली, दोन दिवसात सुटली असती. सोडली आन नीट मारली, दोन वेढे आन तिसरा उलटा.

मंग पाण्यात उतरली आन लावत गेली, वीतभर अंतरावर, मागं मागं सरकत. शेवंता असती तर ओळ वाकडी झाली म्हणून बोंबलली असती. वाकडीच झाली. शेवटची जुडी लावून सरळ उभी राह्यली तर पाणी सगळं गढूळ, मीच केलेलं. हालली नाई. जुन्या घासीच्या मधात होती मी, तिथी चिखल लवकर बसते. उभी राह्यली तशीच, पाणी निवळेपर्यंत, आन मंग खाली पाह्यलं. पायाची नखं दिसली. वाढली होती. घरी आली, चूल पेटवायच्या आधी ओटीवर बसून कापली.